रजब तांडेलांचा फोन

कंपनीने हात वर केले त्याला सहा वर्षं झाली.
लिलावाचं अ‍ॅप म्हणतं, तुमचा फोन जुना आहे.
हवामानाचं काहीच म्हणत नाही, नुसतं मिटतं.
"जुना तं मी पन हाय," रजब सोलकर म्हणाले,
"मना कोन बंद करतो?"
आणि फोन काउंटरवर ठेवला.
चार्जिंगच्या भोकात मीठ, झाकणाला सुंगटाचा वास.

बाबांच्या भिंगातून आधी ते मीठ काढलं.
याच खुर्चीत ते घड्याळं उघडायचे.
पाटी अजून मांडवकर वॉच अशीच आहे,
खाली मोबाईल हे मी खडूने लिहिलंय,
दर पावसाळ्यानंतर पुन्हा लिहिते.

सोर्स उतरवायचा तर साखरीनाट्यात रेंज
भरतीसारखी, येते आणि जाते.
म्हणून चार रात्री वर सड्यावर,
जांभ्याच्या कातळावर लॅपटॉप, मांडीवर गोधडी.
एक कोल्हा रोज लांबून बघून जायचा.
शेवटची फाईल आली तेव्हा उजाडलं होतं
आणि चपलेत विंचू होता.

मग बिल्ड. माझ्या मशीनवर चौदा तास.
पंखा आचके द्यायला लागला तसा मुश्ताकने
बर्फाच्या फॅक्टरीतून घमेलंभर चुरा आणला,
त्यावर परात पालथी, परातीवर लॅपटॉप,
लिलावाला निघालेल्या सुरमईसारखा.
एक्क्याण्णव टक्क्यांवर अडलं.
एक फाईल सापडत नव्हती.
कुठल्याशा देशात कुणीतरी ती लिहिली होती,
मग तो माणूसही सापडेनासा झाला.
त्याच्या जागी मी लिहिली. सतरा ओळी.
शेवटची का चालते, मला माहीत नाही.

"बूटलोडरचं कुलूप उघडलं की आतलं सगळं जाणार,"
मी तांडेलांना सांगितलं.
आत अकरा वर्षांच्या खुणा होत्या,
कुठे खडप, कुठे जाळं फाटतं,
कुठल्या महिन्यात कुठे घोळ.
"कॉपी करून ठेवते."
त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
माझा मावसभाऊ विश्राम दुसऱ्या बोटीवर जातो,
हे त्यांना ठाऊक होतं.
"पुसून टाक सगला. मना पाठ हाय."
आणि बाकावर डोळे मिटून बसले.
ओठ हलत होते.
नमाजाची वेळ नव्हती ती.

पहिल्या खेपेला फोन नाव दाखवून विझला,
पेटला, विझला, पेटला.
दुसऱ्या खेपेला काहीच नाही. वीट.
वीट शेजारी ठेवून मी जेवले.
तिसऱ्यांदा बटणं धरून ठेवली आणि
घड्याळ लावावं तसा फोन कानाला लावला,
कशासाठी कोण जाणे.
तो थरथरला.

जीपीएस म्हणालं, हे दुकान समुद्रात आहे,
बंदरापासून बारा मैल आत.
"मग तिथंच टाक," तांडेल म्हणाले,
"गिऱ्हाईक चिकार."
दोन रात्रींनी दुकान जमिनीवर आलं.
त्यांनी फोन कोपऱ्यात नेला,
माझ्याकडे पाठ करून
एकेका बोटाने खुणा पुन्हा भरल्या.
वेळ लागला. मी तोवर झाडून घेतलं.
कॅमेरा काही सुरू झाला नाही.
"मासा फोटो काढाया येतो काय?"

एक राहिलं.
बंद करून चालू केला की फोन म्हणतो,
आज एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
रेंज मिळेपर्यंत तेच धरून बसतो
आणि बाहेर दर्यात रेंज नाही.
घड्याळवाल्याची मुलगी, आणि घड्याळच चुकतंय.
बाबांनी सगळे पैसे परत दिले असते.
मी निम्मे काढून ठेवले.

तांडेल बोटांवर काहीतरी मोजत होते.
"सत्तर. तवा मी आयच्या पोटात.
ऱ्हाव दे. भरती काय मी घड्यालात बगतो?"

निम्मे पैसे मात्र मोजून घेतले.