आधी कोरा काटा

औसा रोडला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
एडिटर उघडून बसले
तेव्हा खाली ज्वारी दळत होती
आणि माझं टेबल थोडं थोडं खिडकीकडं सरकत होतं.

बियाणींच्या आडतीचा प्रोग्राम माझ्याकडं आलाय.
बारा वर्षांचा, तिघांनी लिहिलेला,
तिघंही पुण्याला गेलेले.
त्यात हमाली आहे, तोलाई आहे, कडता आहे,
आणि एका ओळीवर कुणाची तरी टीप:
हे हलवू नये.

म्हणून हे चाचण्यांचं प्लगइन.
नाव शोधलं, इन्स्टॉल दाबलं,
निळी रेघ अर्ध्यात जाऊन बसली
जशी बार्शीची बस मुरूडला बसते, चहा होईपर्यंत.
लाइट गेली. नेट गेलं. लाइट आली, नेट नाही.
मग कडेला एक काचेचं चंचुपात्र उगवलं,
दहावीच्या प्रॅक्टिकलला मी फोडलं होतं तसलं.
त्यावर दाबलं तर म्हणे,
एकही चाचणी सापडली नाही.

अकरा लिहिल्यात की रे बाबा, रात्रभर जागून!

उदगीरच्या झहीरला फोन लावला.
पायथन कुठला धरलाय त्यानं? फोल्डर कुठलं?
थांब, माझा नमुना पाठवतो, त्यावर चालव आधी.
सेटिंग्जमध्ये एक स्वल्पविराम जास्तीचा निघाला,
तो काढतेय तोवर नळ आला, नवव्या दिवशी.
दोन बॅरल, चार घागरी, कूलरची टाकी भरून
ओल्या हातानं परत येऊन बघते
तर ओळींपुढं हिरव्या खुणा,
वर, खाली, सगळीकडं हिरवं.

अण्णा जिन्यात टेकले होते.
काय करूलालीस, बाई?
हिशोब तपासतेय म्हटलं. बघा, सगळं बरोबर.
समदंच?
हो.
मंग येक चुकीचं टाकून बघ की.

चौतीस वर्षं यार्डात मापाडी होते अण्णा.
सकाळी काट्यावर आधी काहीच ठेवायचे नाहीत,
नुसतं बघत उभे राहायचे, दातात काडी धरून.
मग वीस किलोचं माप.
मग त्यातलं एक किलो काढून घ्यायचे
आणि वाकून बघायचे, काटा हलतो का.
न हलणारा काटा
कितीही नवा असो, कुठल्याही शेठचा असो,
पोत्यांच्या मागं जायचा.

मी अकराव्या चाचणीत लिहिलं, दोन आणि दोन पाच.
सेव्ह केलं.
हिरवं.

कानशिलं तापली माझी.
प्लगइन झहीरच्याच नमुन्यावर फिरत बसलं होतं,
बियाणींच्या आडतीची पायरीसुद्धा
त्यानं चढली नव्हती.

फोल्डर बदललं. पुन्हा चालवलं.
दोन आणि दोन पाच: लाल.
आयुष्यात पहिल्यांदा लाल बघून बरं वाटलं.
ते पुसलं, नीट लिहिलं, चालवलं,
तरी एक लाल उरलंच.
चाचणीला नाव मीच दिलेलं:
ओल्या पोत्याचा कडता एकदाच.
हवे होते एकोणपन्नास,
आले अठ्ठेचाळीस.

एकदा वजन नोंदताना कापलेला,
एकदा बिल छापताना.
दुसरी कात्री अगदी त्या ओळीवर
जी हलवायची नव्हती.

मुनीम गट्टाणींना सांगितलं. फोनवर बराच वेळ पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, बारा वर्षांत कुणी बोललं नाही ताई,
तुम्ही फक्त जीएसटीचं बघा.

प्लगइनमध्ये एक बटण असतं,
प्रत्येक सेव्हला आपोआप तपासत राहा.
ते चालू केलं.
आता जीएसटीची एक ओळ लिहिली
तरी कडेला तो ठिपका आधी उगवतो.

अण्णांनी चष्मा कपाळावर नेऊन
स्क्रीनला नाक लावलं.
ह्यो लाल काय म्हणूलालाय?
सांगितलं.
बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
गिरणी बंद झाली तेव्हा हळूच म्हणाले,
माझ्या चिठ्ठीवर तर
एकुणपन्नासच ऱ्हायचे.