शंभर पिको

मशीनवर गळ्याला पायपिंग लावता लावता
गाणं ऐकू यावं, एवढंच होतं मनात.
तयार डबा घेता आला असता.
पण मशीनच्या मोटरसाठी लॅमिंग्टन रोडला गेले
तेव्हा वसनजींच्या काउंटरवर
एक उघडी पाटी गात होती.
ना डबा, ना झाकण, ना लाज.
म्हटलं, हे शिवता येईल का मला?
शिवता, असंच म्हणाले मी.

त्यांनी पुडी बांधली:
पाच पायांची आयसी, मूठभर रेझिस्टर,
राळेची डबी, कथलाची तार.
"बेन, घाई नाय करायची.
आणि बाराच्या वर व्होल्ट नाय."

पहिल्या रात्री डाख बसेना.
कथील घरंगळून सनमायकावर
माशाच्या अंड्यांसारखं पडलं.
तार वितळवायची नसते.
सांधा तापवायचा, तार आपण होऊन येते.
कापड ओढलं की शिवण चुण्या धरते,
तेच हे, फक्त बोटं भाजून.

रंगांचा हिशोब मात्र लगेच जमला.
तपकिरी, काळा, नारिंगी: दहा हजार.
हयात गेली मॅचिंग अस्तर शोधण्यात,
मला कोण फसवणार लालात आणि नारिंगीत?
फसले एकदा. ट्यूबलाइटखाली.

दुसऱ्या रात्री कपॅसिटर उलटा लागला.
फट्.
त्याची रुपेरी टोपी उडून थेट
कुटिन्होबाईंच्या लेकीच्या लग्नाच्या गाऊनवर.
पांढऱ्या सॅटिनची एक कळी बदलावी लागली.
हे तिला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रात्री सुरू झाला.
गाणं नव्हे. घूं.
घरभर, दाराच्या कडीपर्यंत घूं.
इनपुटच्या तारेला बोट लावलं तर दुप्पट.
म्हणजे मीच वाजत होते.
भिंतीतल्या वायरी, वरच्यांचा फ्रीज,
जिन्याखालचा मीटरबोर्ड,
सगळ्यांचं थोडं थोडं माझ्या अंगातून
बोटाच्या टोकाशी येत होतं
आणि इतकी वर्षं मला पत्ता नव्हता.

वसनजी फोनवर:
"समद्या काळ्या वायरी एका ठिकाणी आणा. एकाच."
आणल्या. घूं गेली.
आणि त्या रिकाम्या जागेत
इनपुटला काही न जोडता
डब्यात कोंडल्यासारखा एक पुरुष बोलला:
"...वारे ताशी पन्नास किलोमीटर...
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

घरात रेडिओ नाही.
खिडकी उघडली. मालवणीच्या अंगाला
आकाशवाणीच्या मनोऱ्यांवरचे लाल दिवे.
मग टेबलाकडे पाहिलं:
इनपुटची वायर हातभर लांब ठेवली होती मी.
शिवणाऱ्या बाईची खोड, माया सोडायची.
त्या मायेत हा अडकला होता.

वसनजी हसले.
"वायर कापा. आणि इनपुटला शंभर पिको लावा, माणूस गप."
पैसे घेतले नाहीत.
मसुराच्या डाळीएवढा तो, दोन बारीक पायांचा.

लावणारच होते.
पण गाऊनच्या ट्रायलला कुटिन्होबाईंची लेक आली,
हात आडवे करून उभी, कमरेला माझ्या टाचण्या.
तिचा नवरा व्हायचाय तो मनोरीचा, बोट आहे त्यांची.
गाणं लावू का, विचारलं.
"नको," म्हणाली. "तो काय सांगतोय?"

खरखरीतून एक एक शब्द वेचत
दोघी उभ्या राहिलो.
वारा उतरलाय म्हणाला, बहुतेक.
ती "बहुतेक"वर अडली, हलली,
एक टाचणी टोचली तिला.

शंभर पिको बॉबिनच्या डबीत आहे.
गाऊन गेला की लावीन.