एकाला एकच

पाटी मीच लिहिली, पुठ्ठ्यावर, निळ्या पेनानं,
वर कानडी, खाली मराठी:
अंगदुखीच्या गोळ्या एकाला एकच पाकीट.
सरकारचा नियम नाही हा, माझा आहे.
निपाणी स्टँडच्या मागं, दिवसातनं वीसदा सांगतो.

सत्त्यव्वा चौगुले उभ्यानं वाचते.
हजार विड्या वळल्यावर बोटं उघडत नाहीत तिची,
पैसे देताना मूठच ठेवते काउंटरवर,
मी त्यातनं नाणी काढून घेतो.
"एक? आमच्या गल्लीत अकरा जणी हाईत.
मी काय दुकान थाटणार हाय व्हय?"
"यारिगे?" विचारतो मी. कुणाला?
"पाठीला," म्हणते. "पाठीला नाव असतंय काय?"

तिला सांगत नाही मी मगदुमांच्या पोरीचं.
दहावीचा निकाल लागून तीन दिवस झालेले.
सुटे पैसे नीट मोजून दिले तिनं,
"आज्जीचे गुडघे," म्हणाली,
आणि मी शेक कसा द्यायचा तेही सांगितलं, फुकट.
माझं दुकान दुसरं होतं.
चौथ्यात बसगोंडा जेवायला शटर ओढत होता.
"आता नाही," म्हणाला. एवढंच.
बेळगावचे डॉक्टर नंतर म्हणाले, तेवढ्यानंच निभावलं.
शहाणपण नव्हतं त्यात कुणाचं.
भूक लागली होती त्याला.

पोरगी आता सायकलवरनं कॉलेजला जाते.
दुकानाकडं बघत नाही. मी बघतो.

"मग कागलला जाती," सत्त्यव्वा म्हणते,
"नाका वलांडला की तिकडं न्हाई तुझी पाटी."
जावा की, म्हणतो मी.
एसटी यायला अर्धा तास, पोचायला अर्धा.
तेवढा वेळ मध्ये असू दे.

ती गेली नाही.
दुसऱ्या दिवशी विड्या कारखान्यात टाकून
अकरा जणी ओळीनं उभ्या, पदरांना तंबाखूचा वास,
पुढं सत्त्यव्वा, कुस्ती मारल्यासारखी.
दिलं. एकीला एक. प्रत्येकीला विचारून.
मानेला. कमरेला. सुनेच्या दाढेला.
हसत होत्या माझ्या कानडीला.

अकरावीनं उत्तर दिलं नाही.

पाकीट माझ्या हातात, तिचा हात पुढं.
मागं एक रिक्षावाला खोकल्याचं औषध मागत होता.
मी फळी उचलली, आतलं स्टूल बाहेर आणलं
आणि सत्त्यव्वाला म्हटलं,
तुम्ही थांबा जरा.