मागचं चाक

रिवणच्या चढावर, बंद खाणीच्या फाटकापाशी
गाडीची कंबर लचकली
आणि मला कळलं, मागचं.
नेहमी मागचंच.

पुढचं चाक आडवा पडलेला खिळा नुसता उभा करतं
आणि निघून जातं, पप्पा सांगायचे.
टोचतो तो पाठोपाठ येणाऱ्याला.
पप्पा पंचवीस वर्षं केपें बाजारात पायलट,
पिवळ्या मडगार्डची हीच गाडी.
माणसांबद्दल कधी बोलले नाहीत,
बोलायचे ते चाकांबद्दल.

सीटला बांधलेली निळी पेटी, लशींची.
बर्फ संध्याकाळपर्यंत टिकतो,
आया टिकत नाहीत.
काजूचे दिवस. दहा वाजले की त्या बागेत जाणार,
मांडीवरची पोरं पाठीवर घेऊन.

गाडी मेन स्टँडवर घेतली. व्हॉल्व्हची पिन काढली,
उरलीसुरली हवा अंगठ्यावर थंड निघाली.
टाचेनं दाबून टायर रिंगेपासून सुटा केला,
एक लिवर स्पोकला अडकवला, दुसरा इंच इंच पुढे,
आणि चाक न काढताच एका कुशीतून ट्यूब ओढली,
गाय अडल्यावर वासरू ओढतात तशी,
जोर लावून, पण तिच्या कलानं.

आता पाणी.
बागेतून एक बाई आली, बोंडांनी भरलेली बालदी घेऊन.
सुकांती, म्हणाली, विचारण्याआधीच.
बोंडं पाचोळ्यावर ओतली, झरीवरून बालदी भरून आणली.
ट्यूब वळवत वळवत बुडवली.
काही नाही.
काही नाही.
मग एक बुडबुडा, त्याच्यामागे दुसरा,
मोहरीएवढे, काजूच्या वासाचे.
"उलयता गो तें," सुकांती हसली.
रजिस्टरच्या बॉलपेननं मी त्या जागेभोवती गोल काढला.

काचपेपरनं खरवडलं. ठिगळ कापलं.
सोल्युशनची नळी दाबली, तर आत दगड.
एकदा उघडलेल्या नळीवर विसंबू नये, हेही पप्पांचंच,
सोमवारी हवा बघण्यासारखंच,
आणि नेमकं हेच मी विसरलेले.

पों पों.
उंडे विकून परतणारा पोदेर, मिंगेल,
टोपली रिकामी, सायकल हलकी.
त्याच्या सीटखाली पिशवी, पिशवीत नळी.
रबराला काय, सायकलचं असो नाहीतर मोटरसायकलचं.
मी फुंकर घालायला गेले तर त्यानं हात आडवा धरला:
"फुंकूं नाका बाय. मात्शें रावात."

राहिलो. तिघंही.
सोल्युशनची चकाकी जाईपर्यंत बघत राहिलो
जणू दूध उतू जाईल.
ही पाच मिनिटं चोरली की ठिगळ पुढच्या वळणावर सुटतं.

मग टायरच्या आतून बोट फिरवलं,
विंचवाच्या फटीत घालावं तसं.
लोक हे विसरतात,
ट्यूब जोडतात आणि पुन्हा त्याच खिळ्यावर बसवतात.
सापडला. चपटा, गंजका, एखाद्या ट्रकच्या फाळक्याचा.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली
तरी रस्ता लोखंड देतोच आहे,
मोजायला तेवढं कोणी उरलं नाही.

कोळंबला पोचले तेव्हा दहा वाजून वीस.
सातातल्या चार आया थांबलेल्या.
बाकी तिघींना मागून बागेत गाठायचं,
तोवर बर्फ होता.
दोनदा साबण लावूनही नखांची काळी कड जाईना.
पहिलीनं ती पाहिली, पोराची मांडी झाकून धरली.
मी खिशातला खिळा तिच्या हातावर ठेवला.
तिनं तो उलटून पालटून पाहिला
आणि मग मांडी पुढे केली.
टोचलं. कापूस दाबला.
पोर ओरडलं. हवा चांगली भरलेली होती.

नाव लिहायला गेले तर पेन चालेना,
टोकाला रबर चिकटलेलं.
तळहातावर गोल गोल गिरवत राहिले,
आधी नुसता ओरखडा,
मग थोडं निळं.
"परत सांग," मी म्हटलं, "नाव काय त्याचं?"