बोअर सात

रबाळ्याच्या मागे, जिथे कंपनीच्या पाटीचे
आता चार गंजके बोल्ट उरलेत,
तिथे दर मंगळवारी मी जमिनीत टेप सोडते.
पाण्याला टेकली की चिरकते.
चार मीटर बासष्ट.
वहीत लिहिते. घाम आकड्यावर पडतो,
दोनाचे तीन होता होता राहतात.

आधी उपसायचं. नळी तीनदा रिकामी होईल इतकं.
साचलेलं पाणी खरं बोलत नाही,
उभं राहून राहून शहाणं होतं.
ते टाकीत ओतायचं, मातीवर नाही,
माती पुरेसं प्यायली आहे.
मग कातळाच्या भेगेतून नवं येतं,
हळूहळू, चौकशीला बोलावलेल्या माणसासारखं.
त्याला वास असतो. किंचित गोड.
नेलपॉलिशसारखा, असं म्हणाला नवा पोरगा
आणि पुन्हा हुंगायला वाकला.
मी ओरडले.

दोन वर्षं आमचा पंप चुकीच्या जागी होता.
नकाशा होता कंपनीचा, निळ्या शाईचा, नेटका,
त्यात बाग होती, सायकल स्टँड होता,
कँटीनच्या दाराला कमानसुद्धा.
खड्डा नव्हता.

खड्डा आला दशरथ खारकरांच्या पायांतून.
वय अठ्ठ्याहत्तर. गोठिवलीहून, मुलाच्या स्कूटरवर.
वजनकाट्याच्या मोडक्या चौथऱ्यावर उभे राहिले,
डोळे मिटले, आणि चालू लागले
मोठ्याने मोजत, रिकाम्या हातांनी
काहीतरी जड लोटत.
एकोणचाळीसला थांबले.
"हितं. रातपालीला. डरामामागं दोन रुपये जादा."
मग, कोणी विचारलेलं नसताना,
"दोन रुपयांत तवा घरभर बोंबील येत."

साहेबांनी अक्षांश-रेखांश घेतले.
बोंबील मी घेतले, वहीच्या समासात.

"आन् पानी गेलं कुटं?"
उतार खाडीकडे, म्हणाले मी. वाटेत पाडा.
"आमची बाव?"
मी मान हलवली. त्या विहिरीवर आता जाळी आहे,
कठड्यावर लाल रंगात एक ओळ,
शेवटचं अक्षर ओघळलेलं.
बराच वेळ ते बुटाने खडी सारत राहिले.
"बायको तितंच हंडं घासायची, चिंच लावून.
चकचकीत. आतून बी."

त्या जागेवर ड्रिल लावलं.
दाब मोजत जमिनीत जांभळं पाणी सोडलं,
विषाला जाळणारं, हाताला तपकिरी डाग पाडणारं.
अठराव्या दिवशी बोअर सातमधून
जांभळाच्या सालीचा रंग वर आला,
आणि आकडा कोसळला:
चारशे दहा, नव्वद, अकरा.
कोणीतरी पेढे आणले. पंप बंद झाला,
बंद झाल्यावर कळलं किती आवाज होता त्याचा.
कुंपणावरच्या खंड्याचं ओरडणं ऐकू आलं.

तीन महिन्यांनी दोनशे चाळीस.

कातळ कंजूस असतो.
भेगांत मुरवून ठेवलेलं एकरकमी देत नाही.
कंपनीचे मालक आता कुठे असतात कोण जाणे,
त्यांचा पत्ता प्रत्येक कागदावर वेगळा आहे.
खारकरांचा तोच आहे.
महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो, सकाळी सातलाच,
नमस्कार नाही, काही नाही: "आज किती?"
मी सांगते.
पलीकडे कुकरची शिट्टी होते,
कोणीतरी त्यांना चहा ठेवलाय म्हणतं.
"काडत ऱ्हा," ते म्हणतात.

पंप पुन्हा सुरू आहे.
बाटली काठोकाठ भरायची, वर पाण्याचा फुगीर घुमट येईपर्यंत,
मग झाकण, एका दमात.
उलटी करून नखाने टिचकी मारायची.
आत हवा राहिली तर आपण शोधतोय तेच
तिच्यात निसटून जातं.

टिचकी मारते.
तळातून एक बुडबुडा निघतो,
मोहरीएवढा,
निवांत वर येतो.

ओतून टाकते. पुन्हा भरते.