हातमोजा काढून

फिल्म ताणायची ती चौपट, ऐंशी अंशांवर,
सावकाश. घाईत फाटते.
मग हजारो व्होल्ट, आणि ते तसेच ठेवून
थंड होऊ द्यायची; नाहीतर
आतले रेणू पुन्हा तोंडं फिरवतात.

तार्तूत बाहेर उणे एकवीस.
हेल्वे हातमोजा काढते,
तळवा ठेवते पारदर्शक पट्टीवर.
काटा उसळतो.
तिथंच दाबून धरला हात, तर
हळूहळू शून्यावर येतो,
जणू ओळखच नाही.

‘भार नाही कळत हिला,’ ती म्हणते,
‘फक्त बदल कळतो.’

वडलांच्या गादीखाली तिनं अशीच एक
अंथरली आहे, नोव्हेंबरपासून.
त्यांचं नव्वद किलो वजन हिशेबात नाही.
श्वास तेवढा येतो कागदावर:
वर, खाली,
मध्ये एकदा खोकला.

पहाटे एक लांब उतरती रेघ.
पांघरूण सरकलं असणार.