सातवी भिंत

कन्सेप्सियोनच्या प्रयोगशाळेत यास्नाचं पाचवं वर्ष.
हलत्या टेबलावर ती भिंती बांधून घेते,
पाडते,
कुठल्या धक्क्याला कुठली भेग, ते मांडते.

सहा भिंती समीकरणाच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत.
आकडा म्हणाला पड, त्या पडल्या.

सातवीच्या वेळी गवंडी आजारी.
तिनं वडिलांना बोलावलं, कोरोनेलहून.
एलिसेओ आले स्वतःची थापी घेऊन,
एकेक वीट कानाशी धरून टिचकी मारत.
"पाडायला बांधायची?
मला तसं येत नाही, पोरी."

अठ्ठावीस दिवसांनी टेबल सुरू.
आकडा आला,
गेला.
भिंत उभी.
आणखी जोर. सांध्यातून चिमूटभर वाळू, बस्स.

प्राध्यापक म्हणाले, हा नमुना बाद धर,
आलेख बिघडतोय.

रात्री चौथं प्रकरण उघडं.
सहा ठिपके रेषेवर, एक वर, एकटा.
बापाच्या मनगटाला चिन्ह कुठलं द्यायचं?
ग्रीक अक्षरं तर संपत आलेली.

तेवढ्यात त्यांचाच फोन:
"पडली का गं?"
"नाही."

मग दोघंही थोडा वेळ
आपापल्या कारणानं गप्प.